वाचवा, वाचवा! संकटातल्या नायिकेच्या सीनवर चर्चा कशी करायची

‘सायलेंट पिक्चरमध्ये व्हिलन हिरॉईनला रुळांना बांधायचा आणि हिरो ऐन वेळी येऊन सोडवायचा.’ संकटातल्या नायिकेचा विषय निघाला की हे वाक्य कोणी ना कोणी टाकतंच. कोणत्या पिक्चरमध्ये असं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर येतं ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’. पर्ल व्हाइट या नटीची ही चित्रमालिका १९१४ सालची, मूळ वीस भागांची. आज पाहायला मिळते ती युरोपातल्या पुनर्प्रदर्शनासाठी नऊ भागांत आटवलेली आवृत्ती. त्या नऊ भागांत पॉलिन भरकटलेल्या फुग्यात अडकते, कड्यावर अडकते, पण रुळांना बांधलेली कुठेही सापडत नाही.

या विषयातली निम्मी भांडणं अशीच आठवणीवर चालतात. ज्यांनी सीन पाहिलेला असतो त्यांनीही तो दहा-वीस वर्षांपूर्वी पाहिलेला असतो. मध्ये विडंबनं, जाहिराती, कार्टून असं बरंच काही मिसळतं आणि मूळ सीनची जागा त्याच्या नकलेने घेतलेली असते. म्हणून नव्याने चर्चेत उतरणाऱ्याने मत देण्याआधी सीनची नोंद करायला शिकावं. एका सीनला साधारण तासभर लागतो. वही, पेन आणि मागे-पुढे करता येईल असा व्हिडिओ प्लेअर एवढं सामान पुरतं.

पायरी १ : सीन कुठे सुरू होतो ते ठरवा

बहुतेक जण सीन दोरीपासून सुरू करतात, आणि चूक तिथेच होते. नायिका बांधलेली दिसते तो सीनचा मधला भाग असतो. हद्द ठरवताना तीन जागा शोधा. पहिली, ती संकटात सापडते तो क्षण. दुसरी, तिला स्वतःहून निघता येणार नाही हे प्रेक्षकाला कळतं तो क्षण. तिसरी, सुटका झाल्यावर ती पहिली काही कृती करते किंवा बोलते तो क्षण. या तीन वेळा मिनिट-सेकंदात लिहा. तिसरी वेळ टाळू नका. सुटल्यावर ती नायकाच्या गळ्यात पडते, त्याला रागावते, की पडलेली बंदूक उचलते, यावर पुढची निम्मी चर्चा अवलंबून असते.

कधी कधी पहिली जागा अपेक्षेपेक्षा खूप आधी निघते. १९३३च्या ‘किंग काँग’मध्ये ॲन डॅरो बेटावर खांबांना बांधली जाते हे सगळ्यांना आठवतं. पण चित्रपट तिला पहिल्यांदा दाखवतो तेव्हा ती महामंदीतल्या न्यूयॉर्कमध्ये भुकेने व्याकूळ आहे आणि फळवाल्याच्या गाड्यावरच्या सफरचंदाकडे हात नेते आहे. कथेतला दिग्दर्शक डेनहॅम तिला तिथून ‘वाचवतो’ आणि थेट काँगच्या बेटावर नेतो. पहिली सुटका हेच दुसऱ्या संकटाचं दार आहे. सीन खांबापासून मोजणाऱ्याच्या हातून हा मुद्दा निसटतो.

पायरी २ : कोणती आवृत्ती पाहिली ते लिहा

हे कंटाळवाणं वाटेल, पण ‘अमुक शॉट आहे’, ‘नाहीच आहे’ अशा वादांचं मूळ बहुतेक वेळा आवृत्तीत असतं. नोंदीच्या डोक्यावर चार गोष्टी लिहा : चित्रपटाचं वर्ष, कुठे पाहिला, एकूण लांबी, आणि सुरुवातीचे प्रमाणपत्र, इशारे, लोगो धरून वेळ मोजली की वगळून. भारतीय प्रतींत सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि धूम्रपानविरोधी इशारे असतात. दोघांनी वेगवेगळ्या जागी शून्य धरला की वेळांचा मेळ बसत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे शीर्षकाची पाटी पडद्यावर येते तो क्षण शून्य धरणे.

जुन्या डीव्हीडींची एक खोड लक्षात ठेवा. पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) चित्रपट २५ च्या वेगाने पळतो, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. समोरच्याची नोंद तुमच्यापेक्षा साधारण चार टक्के कमी येत असेल, तर काही कापलेलं नाही, प्रत पाल आहे. मूकपटांत हा फरक आणखी मोठा. १६ चौकटींच्या वेगाने चालवायचं बारा मिनिटांचं रीळ २४ ने चालवलं तर आठ मिनिटांत उरकतं आणि जिवाच्या आकांताने धावणारी नायिका विनोदी दिसू लागते. मूकपटातला अभिनय ‘ओव्हर’ असतो हा शेरा मारण्याआधी वेग तपासा.

कापलेले शॉट ही तिसरी बाजू. ‘किंग काँग’ १९३८मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा काँग ॲनचे कपडे सोलतो तो भाग काढून टाकला होता. पुढे तो परत जोडला गेला. म्हणजे दोन पिढ्यांनी एकाच सीनची दोन रूपं पाहिली आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘शोले’चे तर शेवटच दोन आहेत. दूरदर्शनवर किंवा केबलवर पाहिलेल्या कोणत्याही हिंदी चित्रपटाच्या बाबतीत काही शॉट गेलेले असणार असं धरूनच चाला.

रंगाचीही गंमत आहे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द लोनडेल ऑपरेटर’ हा १९११चा सुमारे सतरा मिनिटांचा मूकपट. रेल्वे स्टेशनवर तारयंत्र सांभाळणारी मुलगी एकटी असते आणि पैशाच्या पेटीसाठी दोघे दार फोडतात. ती तारेने मदत मागवते, दिवा मालवते आणि अंधारात हातातली चकाकणारी वस्तू पिस्तुलासारखी रोखून दोघांना रोखून धरते. मदत आल्यावर जवळून दाखवतात, तर ते पिस्तूल नसून पाना असतो! हा अंधार फिल्मला निळा रंग देऊन सुचवलेला होता. तुमची प्रत बिनरंगाची काळी-पांढरी असेल तर भर उजेडात दोन दांडगे पान्याला घाबरताना दिसतील आणि चोर मूर्ख वाटतील.

पायरी ३ : चार वेळा पाहा

पहिल्या वेळी काही लिहू नका. फक्त तुम्हाला कुठे धडधडलं, कुठे हसू आलं, कुठे किळस आली ते मनात ठेवा, आणि संपल्यावर दोन ओळींत उतरवा. पुढच्या तीन वेळांत ही पहिली प्रतिक्रिया बदलत जाते, आणि मुळात काय वाटलं होतं ते नंतर आठवत नाही.

दुसऱ्या वेळी कट मोजा. प्रत्येक शॉट बदलला की वहीत एक रेघ, पाचव्याला आडवी. सीनचे एकूण सेकंद भागिले शॉटची संख्या, म्हणजे सरासरी लांबी. समजा सीन १८० सेकंदांचा आणि शॉट ४५, तर सरासरी चार सेकंद. एकटा आकडा काहीच सांगत नाही. सीनचे तीन तुकडे करून प्रत्येकाची सरासरी काढा. संकट जवळ येतं तसे शॉट आखूड होत जातात का, की उलट दिग्दर्शक एकाच शॉटमध्ये थांबून राहतो? वेगवान मारामारीत मोजणी दोन-चारने चुकते. ते चालतं, फक्त दोनदा मोजून जवळजवळ सारखं येतंय ना ते बघा. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ची कळ दाबली की एकेक चौकट पुढे सरकते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी मागे-पुढे जाता येतं.

तिसऱ्या वेळी आवाज बंद. संगीत गेलं की कॅमेऱ्याची चलाखी उघडी पडते. चौथ्या वेळी डोळे मिटून फक्त ऐका. किंकाळी चेहरा दिसत असताना येते की दुसरंच काही दिसत असताना? ‘किंग काँग’साठीच्या किंकाळ्या नंतर स्टुडिओत वेगळ्या ध्वनिमुद्रित केल्याचं ॲनचं काम करणाऱ्या फे रेने स्वतः सांगितलं होतं. त्या दूरच्या दृश्यांवर, बाहुली वापरलेल्या शॉटवरही बसवल्या आहेत. पडद्यावर ॲन इंचभर दिसते तेव्हाही ती कानाला मोठीच लागते ती त्यामुळे. हे डोळे उघडे ठेवून सहसा कळत नाही.

पायरी ४ : काय काय टिपायचं

घड्याळ. जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये मुदत असते : येणारी गाडी, भरत जाणारं पाणी, जळती वात, व्हिलनने मोजलेले आकडे. व्हिलन ‘पाच मिनिटं देतो’ म्हणाला आणि पडद्यावर ती पाच मिनिटं आठ मिनिटं चालली तर तसं लिहा. वेळ ताणण्याचं मुख्य हत्यार म्हणजे इकडे नायिका, तिकडे मदतीला निघालेले, पुन्हा इकडे, अशी कापाकापी. ग्रिफिथने १९०९च्या सुमारास हे तंत्र घोटून बसवलं आणि आपल्या मालिकांच्या महाएपिसोडपर्यंत ते तसंच चालत आलं. प्रत्येक बाजूला किती सेकंद मिळाले ते वेगवेगळं मोजा. नायिकेच्या संकटाचा म्हणून नावाजलेला सीन मोजायला घेतला की बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त वेळ नायकाच्या घोड्यावर किंवा मोटारीवर गेलेला निघतो.

तिचे प्रयत्न. हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना, आणि नवखे लोक तो कोराच ठेवतात. बांधलेली असताना ती काय काय करते? गाठ सोडवायला बघते, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवते, खूण ठेवते, काही फोडते, वेळ काढते. प्रत्येक प्रयत्न वेगळा मोजा आणि पुढे ‘फसला’, ‘अर्धवट’, ‘यशस्वी’ असं लिहा. फक्त अंगाच्या हालचाली मोजू नका. द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, तर मग मला पणाला लावण्याचा त्याला अधिकार उरला होता का? भरसभेत भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता येत नाही. वस्त्र पुरवणारा कृष्ण सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्या प्रसंगाचं कोणतंही चित्ररूप घ्या आणि आधी हा प्रश्न ठेवलाय की गाळलाय ते बघा. गाळला असेल तर उरते ती फक्त रडणारी बाई. मग चमत्काराच्या शॉटला कितीही सेकंद दिले तरी ती उणीव भरून निघत नाही.

कॅमेरा कुणाच्या बाजूने. प्रत्येक शॉटला तीनपैकी एक खूण द्या : तिच्या नजरेतून, तिच्याकडे बघणाऱ्याच्या नजरेतून, किंवा दोन्ही नाही. व्हिलनच्या नजरेतले शॉट तिच्या नजरेतल्या शॉटपेक्षा तिप्पट-चौपट असतील तर सीन तिच्या भीतीचा राहत नाही, तिच्याकडे बघण्याचा होतो. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या कित्येक हिंदी चित्रपटांत अड्ड्यावरचा प्रसंग नेमका असा आहे : संवादात निषेध, कॅमेऱ्यात चवीने पाहणं. ‘असले सीन घाणेरडे असतात’ एवढं म्हणून गप्प बसण्यापेक्षा हे आकडे पुढे ठेवा. त्यांच्यापुढे बचाव करणं कठीण जातं.

कोण सोडवतं आणि किंमत कोण मोजतं. यात एकाहून जास्त नावं येऊ शकतात, सगळी लिहा. कुत्रा, घोडा, पोलीस, योगायोग, देव, ती स्वतः, हे सगळे पर्याय मान्य आहेत.

दोरी आणि गाठी यांवर फार वेळ घालवू नये. पडद्यावरची बांधणी सैलच असते, कारण तिच्यात खरा माणूस तासन् तास उभा असतो. दोन शॉटमध्ये वेढे कमी-जास्त दिसले तर ती जोडणीतली चूक असते, त्यातून अर्थ काढायचा नसतो. एका ओळीत टिपा आणि पुढे चला. जमल्यास स्टंट कोणी केला ते मात्र लिहा. ‘शोले’तली टांग्याची पळापळ हेमामालिनीच्या नावावर जमा होते, पण तिच्या जागी रेश्मा पठाण होत्या.

नमुना नोंद : ‘शोले’, गब्बरच्या अड्ड्यावर

रमेश सिप्पींचा हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ला लागला. सीन सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच नमुन्याला घेतला. पाठ असलेल्या सीनमध्ये काय निसटतं ते नीट दिसतं.

सुरुवात कुठे धरायची? नाचापासून नव्हे, डाकू बसंतीच्या टांग्यामागे लागतात तिथपासून. टांगा पळवणं हा तिचा पहिला प्रयत्न, निकाल ‘फसला’. वीरू मागोमाग येतो आणि पकडला जातो. मग बांधलेला कोण आहे? वीरू. दोराने हात ताणून उभा केलेला माणूस इथे पुरुष आहे. बसंतीचे हात-पाय मोकळे आहेत आणि तिला घातलेली अट अशी, की तिचे पाय चालतील तोवर त्याचा श्वास चालेल. वीरू नाचू नकोस म्हणतो. ती नाचते. तापलेल्या खडकावर, मग फोडलेल्या बाटल्यांच्या काचांवर. ‘तिचे प्रयत्न’ या रकान्यात हा नाच ‘यशस्वी’ म्हणून येतो, कारण जय पोचेपर्यंत वीरू जिवंत राहतो तो तिने काढलेल्या वेळामुळे. घड्याळाच्या रकान्यात लिहायचं : तिचे पाय. अशी मुदत क्वचितच पाहायला मिळते, इथे वात आणि ती जळवणारी एकच व्यक्ती आहे.

कोण सोडवतं : वीरूला बसंती, मग दोघांना जय. किंमत कोण मोजतं : बसंतीचे तळपाय, आणि परतताना पुलाजवळ मागे थांबलेल्या जयचा जीव. कॅमेऱ्याचा रकाना भरताना मात्र कौतुक थोडं आवरावं लागतं. नाचातल्या बऱ्याच शॉटमध्ये आपण गब्बरच्या टोळीच्या बाजूने तिच्याकडे बघत असतो. बसंतीचं धैर्य आणि तिच्याकडे बघण्याची सोय, दोन्ही एकाच सीनमध्ये आहेत, आणि नोंदीत दोन्ही राहू द्या. एकाच बाजूची नोंद आणणाऱ्याला दुसरी बाजू सांगणारा पाच मिनिटांत भेटतो.

रुळांची दंतकथा कशी तपासायची

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. एखादा ठसा खरा आहे का ते कसं शोधायचं याचं हे चांगलं उदाहरण आहे. रीत अशी : सगळ्यात जुना पुरावा शोधा, मग त्यात कोण बांधलेलं आहे आणि कोण सोडवतं ते वाचा, आणि मग तो प्रसंग गंभीरपणे केलाय की थट्टेने, ते ठरवा.

रुळांच्या प्रसंगाला नाव मिळालं ते रंगभूमीवर. ऑगस्टिन डेली यांचं ‘अंडर द गॅसलाइट’ हे नाटक १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये झालं. त्यात रुळांना बांधलेला आहे स्नॉर्की नावाचा, युद्धात एक हात गमावलेला सैनिक. शेजारच्या कोठीत कोंडलेली नायिका लॉरा कुऱ्हाडीने दार फोडून बाहेर येते आणि गाडी धडधडत जाण्याआधी त्याला ओढून काढते! म्हणजे ज्या प्रसंगाला आपण अबलेचा नमुना म्हणतो, त्याच्या गाजलेल्या मूळ रूपात बाई सोडवणारी आहे.

पडद्यावर मेबल नॉर्मंडला रुळांना बांधलेलं दिसतं ते १९१३च्या ‘बार्नी ओल्डफिल्ड्स रेस फॉर अ लाइफ’मध्ये. हा मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीचा, म्हणजे विनोदी पटांच्या कारखान्याचा माल. मिशा पिळणारा व्हिलन, शर्यतीच्या मोटारीतून येणारा खराखुरा रेसर बार्नी ओल्डफिल्ड, सगळीच टवाळी. १९१७च्या ‘टेडी ॲट द थ्रॉटल’मध्ये ग्लोरिया स्वान्सन बांधलेली आहे, तोही विनोदी पट, आणि त्यात कुत्रा मदतीला धावतो. पुढे १९६०च्या दशकातल्या अमेरिकन कार्टूनांनी या टवाळीचीही टवाळी केली आणि लोकांच्या डोक्यात तीच ‘सायलेंट पिक्चर’ म्हणून बसली. म्हणजे १९१३मध्येच हा प्रसंग इतका घासून गेला होता की त्याची खिल्ली उडवायची वेळ आली होती.

त्याच काळात गंभीरपणे केलेली रेल्वेची मालिका पाहायची असेल तर ‘द हॅझर्ड्स ऑफ हेलन’ बघा. १९१४ ते १९१७, ११९ भाग. प्रत्येक भाग स्वतंत्र. हेलन तारखात्यात काम करते, धावत्या गाडीवर उडी मारते, इंजिन थांबवते. बांधली गेली तर बहुतेक वेळा स्वतःच सुटते.

आपल्याकडचा धागा

मराठी माणसाला हा विषय परका नाही, फक्त आपण त्याला या नावाने ओळखत नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांनी सैरंध्रीत पारतंत्र्यातला देश पाहिला, कीचकात लॉर्ड कर्झन, सबुरी सांगणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. १९१०मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. संकटातल्या स्त्रीचा प्रसंग नेहमी त्या स्त्रीबद्दलच असतो असं नाही, हे इथे उघड दिसतं. म्हणून नोंदीत एक जादा ओळ ठेवा : त्या काळच्या प्रेक्षकाने तिच्या जागी आणखी कोणाला पाहिलं? नंतर १९२०मध्ये बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे याच कथेवर ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला.

दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) ची एक बाब नवख्यांना सांगितली की हमखास गप्पा रंगतात. अण्णा साळुंके यांनी त्यात सीता आणि राम ही दोन्ही कामं केली होती. पळवलेली आणि सोडवायला निघालेला, दोन्हीकडे एकच नट!

आणि मारामारीच्या पिक्चरची नायिका नादिया. खरं नाव मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातला, कारकीर्द मुंबईची. वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ साली आला. त्यात बापाला वजिराने कैद केल्यावर राजकन्या मुखवटा चढवून चाबूक हातात घेते. पुढच्या वर्षीच्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये तिची मारामारी रेल्वेच्या टपावर आहे. ‘पूर्वीच्या नायिका रडूबाई होत्या’ असं कोणी म्हणालं तर वाद न घालता ही दोन नावं आणि सालं सांगावीत.

मालिकांसाठी वेगळी काळजी

टीव्हीवर सीन भागांत तुटतो आणि तिथे लबाडी होते. मागच्या भागाच्या शेवटी मोटार दरीत कोसळताना दाखवायची, आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला नायिका आधीच उडी मारताना. जुन्या अमेरिकन चित्रमालिकांचा हा आवडता डाव होता, दैनंदिन मालिकांतही तो अधूनमधून दिसतो. तपासायचं सोपं : मागच्या भागाचा शेवटचा मिनिट आणि पुढच्या भागाचा पहिला मिनिट पाठोपाठ लावा आणि शॉट जुळवा. नवा शॉट मध्येच घुसवलेला असेल तर लगेच कळतो. ‘पुढील भागात’च्या झलकेवरून मात्र कधीच नोंद करू नका. तिथे दोन प्रसंगांतले शॉट एकमेकांना चिकटवलेले असतात.

१९६६ची ‘बॅटमॅन’ मालिका हे सगळं उघड थट्टेने करायची. आठवड्यात लागोपाठ दोन रात्री, पहिल्या रात्री सापळा, दुसऱ्या रात्री सुटका. त्या सापळ्यांत नायिकेपेक्षा बॅटमॅन आणि रॉबिन हेच जास्त वेळा बांधलेले असायचे.

पायरी ५ : चर्चेत मांडणं

ऑनलाइन चर्चेत पोस्ट टाकताना पहिल्या ओळीत चित्रपट, वर्ष, आवृत्ती आणि वेळ. दुसऱ्या ओळीत एकच दावा. खाली त्याला धरून दोन किंवा तीन नोंदी, त्याहून जास्त नकोत. सगळेच रकाने ओतले की कोणी वाचत नाही आणि उत्तर फक्त शेवटच्या मुद्द्यावर येतं. ‘हा सीन स्त्रीविरोधी आहे का?’ हा प्रश्न टाकू नका, दोन तट पडतात आणि पिक्चर बाजूला राहतो. ‘तिने खूण ठेवली ती नायकाला सापडते का, की तो योगायोगाने पोचतो?’ असं विचारा. मग लोक पुन्हा सीन बघायला जातात.

लैंगिक अत्याचाराचा प्रसंग असेल तर तसं पहिल्याच ओळीत सांगा आणि त्याचे फोटो लावू नका. शब्दांत वर्णन पुरतं. बोलणं पात्राबद्दल आणि कॅमेऱ्याबद्दल ठेवा. नटीच्या अंगाबद्दल शेरे सुरू झाले की तिथे सीनची चर्चा संपलेली असते आणि तशा धाग्यात उत्तर न देणं उत्तम. पात्र किंवा कलाकार अल्पवयीन असेल तर चित्रं अजिबात नकोत आणि वर्णनही कथेपुरतंच. शेवट फोडायचा असेल तर आधी इशारा द्या, पन्नास वर्षं जुन्या पिक्चरलाही. दर वर्षी कोणीतरी ‘शोले’ पहिल्यांदा बघत असतं.

क्लिप लावण्याबाबत : भारतीय कायद्यात समीक्षेसाठी उचित प्रमाणात वापर करता येतो, पण अख्खा सीन चढवणं त्यात बसेल असं धरू नका. एक-दोन चौकटी आणि वेळेचा आकडा दिला की काम भागतं. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो, म्हणजे १९६४चा भारतीय चित्रपट २०२५ सुरू होताना मोकळा झाला. गाण्यांचे आणि नंतर दुरुस्त केलेल्या प्रतीचे हक्क वेगळे असू शकतात.

कोणी चूक दाखवली तर वेळ उघडून बघा, चूक असेल तर मूळ मजकुरातच दुरुस्ती करून तारीख टाका. खाली शंभराव्या उत्तरात ‘सॉरी’ लिहून उपयोग नसतो, लोक वरचंच वाचून पुढे पाठवतात.

कशापासून सुरुवात करावी

पहिला ‘द लोनडेल ऑपरेटर’, निळ्या रंगाची प्रत मिळाली तर. छोटा आहे, चारही वेळा पाहून नोंद एका संध्याकाळी होते. दुसरा ‘बार्नी ओल्डफिल्ड’, म्हणजे थट्टा कशी दिसते ते कळेल. मग १९३३चा ‘किंग काँग’, आणि ‘कोण सोडवतं’चा रकाना जपून भरा. काँग तिला पळवतो आणि डायनोसॉरपासून वाचवतोही. चौथा ‘शोले’, वरची नोंद न बघता स्वतःची करून मग ताडून पाहा.

पाचवा मराठी : सचिन पिळगावकरांचा ‘गंमत जंमत’, १९८७. पैशांसाठी मुलीला पळवणारे इथे आपले नायकच आहेत, अशोक सराफ आणि सचिन, आणि पळवलेली वर्षा उसगांवकर. ‘व्हिलन’, ‘हिरो’, ‘घड्याळ’ हे रकाने भरताना पेन अडखळेल. जिथे अडखळेल तिथली वेळ लिहून ठेवा आणि चर्चेत पहिला प्रश्न तिथूनच काढा.